पुतणीबरोबर मॅच कशी पाहावी : पन्नाशीपुढच्या नवशिक्यांसाठी

प्रवेशाच्या अटी

घरात सतरा-अठरा वर्षांचं एक माणूस असावं. भारताची मॅच चालू असताना ते तुमच्या शेजारी बसून मोबाइलमध्ये मान घालून असावं, आणि ते बघून तुम्ही निदान दोनदा तरी म्हणाला असावात, "या पिढीला खेळात रसच राहिला नाही." एवढी पात्रता पुरे. पुतणी, भाचा, पोटचं पोर, काहीही चालेल. या पुस्तिकेत पुतणी धरली आहे, कारण स्वतःच्या मुलांशी बोलताना पुरुषांचा आवाज चढतो, पुतणीशी बोलताना जरा मर्यादेत राहतो.

१९८३ च्या वर्ल्ड कपमध्ये कपिल देवने झिम्बाब्वेविरुद्ध केलेल्या नाबाद १७५ धावा 'मी या डोळ्यांनी पाहिल्यात' असं सांगणाऱ्यांना मात्र थेट प्रवेश नाही. त्या सामन्याचं चित्रीकरणच उपलब्ध नाही. त्या दिवशी टनब्रिज वेल्सच्या मैदानावर जे जातीने हजर होते, त्यांनी तिकिटाचा अर्धा तुकडा अर्जाला जोडावा. बाकीच्यांनी एवढंच कबूल करावं की ती खेळी आपण ऐकली, वाचली आणि गेली चाळीस वर्षं सांगत आलो. हा कबुलीजबाब पुढे उपयोगी पडणार आहे.

साहित्य

एक टीव्ही, एक मोबाइल, एक चार्जर. टीव्ही तुमचा, बाकी दोन तिचे. मोबाइलवरचं प्रक्षेपण टीव्हीच्या काही सेकंद मागे चालतं. त्यामुळे विकेट पडल्यावर तुम्ही "गेला!" म्हणून ओरडलात की तिच्या मोबाइलमध्ये तो बिचारा अजून नाबादच असतो. असा गुन्हा पहिल्यांदा माफ, दुसऱ्यांदा ती आतल्या खोलीत जाते.

"मोबाइलवर कसली मॅच बघायची" हे वाक्य तोंडावर आलं तर गिळा. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या प्रक्षेपणाचा लिलाव २०२२ मध्ये झाला. भारतीय उपखंडातले टीव्हीचे हक्क गेले २३,५७५ कोटींना. डिजिटलचे दोन गठ्ठे मिळून गेले २३,७५८ कोटींना. तुमच्या सोफ्यापेक्षा तिच्या तळहाताला १८३ कोटी जास्त भाव आला. लिलावात बोली लावणारी माणसं भावुक नसतात.

त्या तळहातावर मराठी समालोचनही आहे. २०२३ च्या हंगामात केदार जाधव तिथे मराठीत समालोचन करत होता. बंगळुरूच्या संघाला ऐनवेळी बदली खेळाडू लागला आणि हंगामाच्या मध्यावर त्यांनी त्यालाच बोलावून घेतलं. माइक ठेवला आणि पॅड बांधले. मॅचमधल्या जाहिरातीच्या वेळी बोलायला विषय हवा असेल तर हा किस्सा हाताशी ठेवा.

धडा पहिला : "कोण जिंकतंय?" असं विचारू नये

तिचं उत्तर येईल, "कोहली बावन्नवर आहे." तुम्ही पुन्हा विचाराल, "ते ठीक, पण जिंकतंय कोण?" ती तुमच्याकडे ज्या नजरेने बघेल त्या नजरेची सवय करून घ्या.

तिची निष्ठा माणसाशी आहे. जानेवारी २०२५ मध्ये विराट कोहली बारा वर्षांनी रणजी खेळायला दिल्लीच्या अरुण जेटली स्टेडियमवर उतरला. एरवी अशा सामन्याला पंच आणि खेळाडूंचे नातेवाईक एवढीच गर्दी असते. त्या दिवशी सकाळपासून रांगा लागल्या. रेल्वेच्या हिमांशू सांगवानने सहा धावांवर त्याचा ऑफ स्टंप उडवला आणि स्टँड रिकामे व्हायला लागले. दिल्लीचा डाव चालूच होता.

यावर तुमची पहिली प्रतिक्रिया आम्हाला ठाऊक आहे: "बघा! खेळाशी यांना काही देणंघेणं नाही." ठीक. आता सांगा, नव्वदच्या दशकात "सचिन गेला? मग बंद कर तो टीव्ही" हे वाक्य दादरपासून दापोलीपर्यंत कोण म्हणत होतं? तेव्हा या मुलीचा जन्मही झाला नव्हता.

तुम्ही हार मानणार नाही. तुम्ही २०२४ चं उदाहरण काढाल. रोहित शर्माला बाजूला करून हार्दिक पंड्याला मुंबई इंडियन्सचं कर्णधारपद दिलं, तेव्हा वानखेडेवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी मुंबईच्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. हे आमच्या वेळी नव्हतं, म्हणाल. १९८४-८५ च्या मोसमात इंग्लंडविरुद्धच्या कलकत्ता कसोटीतून कपिलला वगळलं तेव्हा तिथे 'कपिल नाही तर कसोटी नाही' अशा अर्थाचे फलक निघाले होते. फरक एवढाच की त्या फलकांना रंग लावून वाळवावं लागे. आता अंगठा पुरतो.

धडा दुसरा : पूर्ण मॅच

हा अभ्यासक्रमातला सगळ्यात अवघड भाग आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू.

तुमचा आरोप असा आहे की ती मॅच बघत नाही, तुकडे बघते. चौदा सेकंदांचं रील, त्यात एक यॉर्कर, एक उडालेला स्टंप, मागे कुठल्यातरी दाक्षिणात्य सिनेमाचं संगीत. तुम्ही मात्र पाच-पाच दिवस कसोट्या पाहिल्यात. आठवून बघा. सोमवार ते शुक्रवार तुम्ही बँकेत होता. टेबलाच्या खणात ट्रान्झिस्टर होता, खण अर्धवट उघडा ठेवलेला, आणि साहेब आला की गुडघ्याने बंद व्हायचा. बाळ ज. पंडितांचं समालोचन तुम्ही चार वाक्यं ऐकलंत, मग एक चेक पास केलात, मग पुन्हा दोन वाक्यं. जेवणाच्या सुट्टीत पानवाल्याच्या पाटीवर 'भारत ३ बाद १४७' वाचलंत. लोकलमध्ये अनोळखी माणसाला विचारलंत, "स्कोअर काय झाला?" आणि त्यानेही 'कोणाचा' असं न विचारता सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेपर, मग 'एकच षटकार'चा अंक. मधले सगळे चेंडू तुम्ही मनाने टाकलेत आणि मनानेच सीमापार धाडलेत.

तुकडेच होते ते. तुमच्या तुकड्यांत चित्र नव्हतं म्हणून तुम्ही ते रंगवलंत. तिच्या तुकड्यांत चित्र आयतं आहे, तेही सहा कोनांतून. मान्य, रंगवण्यात जी मजा होती ती तिला नाही. ही तक्रार मी वरच्या कोर्टातही लढवायला तयार आहे. पण 'आम्ही अख्खी मॅच बघायचो' हा दावा मागे घ्या. कपिलच्या १७५ चा कबुलीजबाब यासाठीच घेतला होता.

दुसरं, खेळ आखूड करण्याचा उद्योग या पोरांनी सुरू केलेला नाही. इंग्लंडमध्ये काउंटी क्रिकेटच्या स्टँडमध्ये पांढरे केस वाढत चालले, तेव्हा तिथल्या मंडळाने २००३ मध्ये वीस-वीस षटकांची स्पर्धा काढली. तरीही पोरं पुरेशी येईनात म्हणून २०२१ मध्ये शंभर चेंडूंची. अमेरिकेत बेसबॉलवाल्यांनी २०२३ मध्ये चेंडू फेकणाऱ्यासमोर उलटं घड्याळ लावलं, फार वेळ घुटमळलास तर दंड. धास्तावलेल्या प्रौढांनी बैठका घेऊन हे ठरवलं आहे. आणि टी-ट्वेंटीला "हे काय क्रिकेट आहे का" म्हणणारे तुम्हीच, २४ सप्टेंबर २००७ च्या रात्री जोगिंदर शर्माच्या चेंडूवर मिसबाहचा झेल श्रीशांतने घेतला तेव्हा सोसायटीच्या गेटपाशी कुठल्या अवस्थेत होता, ते काकूंना विचारा.

हिला लांबचं काही बघवतच नाही, असंही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ओव्हल कसोटीचा शेवटचा दिवस. इंग्लंडला पस्तीस धावा हव्या, भारताला चार विकेट. मोहम्मद सिराज धावत येतोय, आणि शेवटी ख्रिस वोक्स एक हात गळ्यात बांधून फलंदाजीला उतरतो. भारत सहा धावांनी जिंकला. त्या तासाभरात तुमच्या घरातला मोबाइल कुठे होता, हे एकदा तपासा. माझा अंदाज आहे, उशीखाली. मामला लक्ष टिकण्याचा नाही, लक्ष द्यावं असं काही पुढ्यात असण्याचा आहे. चौथ्या दिवशी दुपारी निर्जीव खेळपट्टीवर चाललेला खेळ बघताना तुम्हीही घोरतच होतात. त्याला रसिकता म्हणायची प्रथा होती.

शब्दसंग्रह

थोडाच पाठ करा. एखाद्या खेळाडूचा 'ऑरा' असतो, वाढतो आणि घटतो. झेल सोडून वर गोलंदाजाकडेच रागाने बघितलं तर शून्याखालीही जातो. फलंदाज सुटला की तो 'कुक' करतोय असं म्हणतात. 'एडिट' म्हणजे चाहत्याने जोडजाड करून बनवलेली तुकड्यांची माळ, जी ती तुम्हाला दाखवील आणि तुम्ही पूर्ण बघायची आहे. हे शब्द समजून घ्यायचे, वापरायचे नाहीत. काकाने "काय ऑरा आहे!" म्हटलं की तो शब्द त्या घरातून कायमचा जातो.

धडा तिसरा : कबड्डी, जिथे तुम्हाला वाटतं आपण गुरू आहोत

तुम्ही लाल मातीत हुतूतू खेळलात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं, हेही तुम्हाला माहीत आहे आणि आता तिलाही माहीत आहे, कारण तुम्ही ते तीनदा सांगितलंत. तरीही प्रो कबड्डी बघताना गप्प बसा. २०१४ पासून ही मंडळी मॅटवर, बुटात, प्रकाशझोतात खेळतात. चढाई तीस सेकंदांची. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद. म्हणजे दर दीड-दोन मिनिटांनी कुणाच्यातरी जिवावर बेततं. मोबाइलच्या पिढीसाठी मुद्दाम घडवावा असा खेळ, आणि तो आपल्याकडे पडूनच होता. मॅट आणि दिव्यांखेरीज त्यात फारसं काही घालावंही लागलं नाही.

पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. कर्णधार नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. त्याच संघात इराणचा मोहम्मदरेझा शादलुई, त्या हंगामाच्या लिलावात २ कोटी ३५ लाखांना घेतलेला. पुतणी ते नाव न अडखळता घेते. तुम्ही त्याला "तो इराणी" म्हणता. इथे अभ्यासाला वाव आहे.

धडा चौथा : मुलींची मॅच

"मुलींच्या मानाने छान खेळतात हं." हे वाक्य उच्चारल्यास प्रवेश रद्द, फी परत नाही.

तुम्हाला महिला क्रिकेट कळलं २०१७ मध्ये, लॉर्ड्सवर फायनल नऊ धावांनी गेली तेव्हा. तिच्या आठवणीत मात्र सांगलीची स्मृती मानधना कायमच आहे. २०२३ मध्ये डब्ल्यूपीएल मुंबईतच सुरू झालं. मग ऑक्टोबर २०२५ अखेरीस नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर उपांत्य सामना, समोर ऑस्ट्रेलिया, लक्ष्य ३३९, आणि जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७. तीन दिवसांनी त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप. जेमिमाला पुतणी आधीपासून ओळखते, गिटारच्या व्हिडिओंमुळे. खेळाडूची ओळख मैदानाबाहेर व्हायची आणि मग मैदानात शिरायचं, हा तिचा रस्ता आहे. त्यात वाईट काय, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

आणि या धड्यात तुमची पाळी येते, काका. कप हातात घेऊन मुली नाचत होत्या तेव्हा बाजूला डोळे पुसत उभा असलेला प्रशिक्षक कोण, ते तिला विचारा. अमोल मुझुमदार. मग सांगा: फेब्रुवारी १९८८, हॅरिस शील्ड, शारदाश्रमकडून सचिन आणि कांबळी खेळतायत. ६६४ धावांची भागी. पुढच्या नंबरचा मुलगा पॅड बांधून बसलाय आणि त्याची पाळी काही येत नाही. तोच हा. मोठा झाल्यावर रणजीतल्या पहिल्याच सामन्यात त्याने २६० केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमवल्या, आणि भारताकडून एकही सामना खेळला नाही.

ती विचारेल, "खरंच? यावर व्हिडिओ आहे?" नाही. तुम्ही आहात. हळू सांगा, तारखा चुकवू नका, आणि मध्येच आजच्या पिढीवर घसरू नका.

रात्री दीड वाजता

पाणी प्यायला उठलात आणि हॉलमध्ये निळसर उजेड दिसला, तर चोर नाही, चॅम्पियन्स लीग आहे. थंडीच्या दिवसांत ती आपल्याकडे रात्री दीडला सुरू होते. दिवा लावू नये. "उद्या कॉलेज नाही का" विचारू नये. गोल झाला तर ती उशी तोंडात धरून ओरडेल, घाबरू नये.

"लंडनच्या क्लबशी आपला काय संबंध?" हा प्रश्न विचारण्यापूर्वी १९८६ मध्ये मॅराडोनासाठी आणि पुढे स्टेफी ग्राफसाठी तुम्ही किती जागलात ते आठवा. विचारायचाच तर वेगळा प्रश्न विचारा. २०२५ मध्ये फुटबॉल फेडरेशन आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला करार संपत आलेला असल्याने इंडियन सुपर लीगचा हंगाम ठरल्या वेळी सुरूच झाला नाही. त्याच डिसेंबरमध्ये मेस्सी वानखेडेवर हात हलवायला आला आणि स्टेडियम भरलं. यात पोरांचा दोष किती आणि लीग चालवणाऱ्यांचा किती? यावर काका-पुतणीचं एकमत होण्याची दाट शक्यता आहे.

फॉर्म्युला वन

पहिल्या वर्षी टाळावे. २०११ ते २०१३ या काळात ग्रेटर नोएडात शर्यत झाली होती एवढं सांगून गप्प राहा. नेटफ्लिक्सवरची मालिका २०१९ पासून चालू आहे, तिने ती सगळी पाहिली आहे आणि टायर कधी बदलावेत यावर तिची ठाम मतं आहेत. तुम्ही अजून तुमच्या गाडीचे बदललेले नाहीत.

बुद्धिबळ, तेही गडबडीत

तुमच्या मते बुद्धिबळ म्हणजे शांतता. तिच्या मते ते बघायचं ते कडेला शेकडो लोकांची बडबड सरकत असताना. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये समय रैना नावाच्या विनोदवीराने विनोदवीरांनाच पटासमोर बसवून थेट प्रक्षेपण सुरू केलं, आणि ज्यांना घोडा कसा चालतो माहीत नव्हतं ती पोरं रात्र-रात्र बसू लागली. जुलै २०२५ मध्ये नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली, तेव्हा बातमी पुतणीकडून तुम्हाला कळली. विश्वनाथन आनंदच्या काळात उलट झालं असतं.

पैशाची गोष्ट

पुतणीच्या दादाला वेगळा धडा होता. तो कुठल्याही दोन देशांची मॅच मन लावून बघायचा, कारण त्याचे अकरा जण त्यात असत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. ड्रीम इलेव्हनचं नाव भारताच्या जर्सीवरून गेलं, तिथे टायरच्या कंपनीचं आलं. दादाचा क्रिकेटमधला रस त्यानंतर किती उरला, हे बघणं उद्बोधक ठरेल. पण त्याला टोचून विचारू नये. तुमच्याकडे ऑफिसच्या पेटीतली वर्गणी काढून शर्यती लागायच्या, ते घरात माहीत आहे.

गृहपाठ

दोघांनी मिळून करायचा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत अंतिम सामन्यात नेपाळला हरवून भारत जिंकला. दोन्ही कर्णधारांची नावं सांगा. मोबाइल बघायचा नाही.

(उत्तर: प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. दोघंही महाराष्ट्राचे.)

दोघांनाही आलं नसेल. तुम्ही शाळेत खो-खो खेळलात, तिनेही खेळला, आणि या दोघांचं एकही एडिट तिच्यापर्यंत पोचलं नाही, एकही किस्सा तुमच्यापर्यंत. तरुणांनी पाठ फिरवली असा शेरा मारायला हे उदाहरण घेऊ नये. ज्याचा चेहराच कोणी दाखवला नाही त्याच्याकडे पाठ कशी फिरवणार? खो-खोला निदान एक तरी जेमिमा हवी, आणि तिच्या मागे कॅमेरा धरणारं कुणीतरी. हे काम आपलं नाही, पण नावं पाठ करणं आपलं आहे.

प्रात्यक्षिक परीक्षा

पुतणीला घेऊन रणजीच्या सामन्याला जायचं. गहुंजे, नाशिकचं गोल्फ क्लब मैदान, सोलापूरचं इंदिरा गांधी स्टेडियम, जे जवळ पडेल ते. बहुधा तिकीट नसतं आणि बसायला हवी ती जागा मिळते. टोपी, पाणी, चिवडा न्यावा. पहिल्या तासात तिला कंटाळा आला तर घाईने गुण कापू नयेत, कारण तो तुम्हालाही आलेला असेल. मग सीमारेषेवरचा खेळाडू वीस फुटांवर येऊन उभा राहील, बाटलीतून पाणी पिईल, सहकाऱ्याला अस्सल मराठीत शिवी घालेल, आणि ती पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवेल. थोड्या वेळाने पुन्हा उचलेल.

त्यानंतर तुम्ही दोन्ही हात पसरून गली आणि पॉइंट यांतला फरक समजावत असताना ती ते चित्रित करील. रील टाकलं जाईल आणि सामना बघणाऱ्यांपेक्षा ते बघणारे जास्त असतील. त्याखालच्या कॉमेंट वाचू नयेत. वाचल्याच, तर उत्तर देऊ नये. दिलंच, तर निदान तिच्या अकाउंटवरून देऊ नये.